दुर्बिणीतून टिपलेल्या पेशी आणि पोटातल्या कर्करोगाचे निदान

उदरपोकळीतला कर्करोग बहुधा उशिरा लक्षात येतो, आणि लक्षात आल्यावरही तो कुठवर पोहोचला आहे हे बाहेरून नेमके सांगता येत नाही. पोटाच्या भिंतीला आतून आणि आतल्या बहुतेक अवयवांना बाहेरून अस्तर करणारे उदरावरण, म्हणजे पेरिटोनियम, ही या रोगाच्या प्रसाराची आवडती जागा. तिथे उठलेले कर्करोगाचे दाणे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान असतील तर चांगल्या सीटी स्कॅनमध्येही ते बरेचदा निसटतात. ही उणीव भरून काढण्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि पेशीतपासणी, म्हणजे लॅपरोस्कोपी आणि सायटॉलॉजी, या स्वतंत्रपणे वाढलेल्या दोन शाखा एकत्र आल्या. बेंबीजवळच्या सेंटिमीटरभर छेदातून कॅमेरा आत जातो, सगळी पोकळी नजरेखालून घातली जाते, आणि साचलेले पाणी, मुद्दाम सोडून परत ओढलेले सलाईन, सुईत आलेला अंश किंवा गाठीच्या तुकड्यावर टेकवलेली काचपट्टी यांतून पेशी मिळवून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात.

या तपासणीचे मोल ‘कर्करोग आहे की नाही’ एवढ्या उत्तरात शोधले तर फारसे हाती लागत नाही. बहुतेक रुग्णांत ते उत्तर एन्डोस्कोपीतून किंवा सोनोग्राफीच्या आधाराने घेतलेल्या तुकड्यातून आधीच मिळालेले असते. दुर्बिणीतून घेतलेल्या पेशींचे काम त्यापुढचे आहे: पोट उघडायचे की नाही, आधी केमोथेरपी द्यायची की आधी ऑपरेशन, मोठी शस्त्रक्रिया रुग्णाला काही देणार की नुसतीच थकवणार. या प्रश्नांतला एकही ज्या पेशींवर अवलंबून नाही, त्या पेशी घेण्याचे कारण उरत नाही. हे उघड वाटते. तरी ‘आत गेलोच आहोत तर थोडे पाणी पाठवून देऊ’ आणि ‘कशाला उगाच सुई टोचायची’ ही दोन्ही टोके शस्त्रक्रियागृहात नेहमी भेटतात, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच चूक असते: पेशी घेण्याआधी प्रश्न ठरलेला नसतो.

दोन शाखांपैकी पेशीतपासणी वयाने मोठी. जलोदराच्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात हे लुके आणि क्लेब्स यांनी १८६७ साली नोंदवले होते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात लिओनार्ड डजन यांनी १९२७ मध्ये ताज्या कापलेल्या गाठीचा ठसा काचेवर घेऊन काही मिनिटांत निदान देण्याची पद्धत मांडली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्ये सुईने गाठीतून पेशी ओढण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेने बारीक सुईची तपासणी रोजच्या वापरात आणली. दुर्बिणीची कथा १९०१ पासून सुरू होते. त्या वर्षी ड्रेस्डेनच्या गेऑर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत नळी घालून दाखवली, आणि १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी तोच प्रयोग माणसांवर केला. याकोबेउस यांचे रुग्ण मुख्यतः जलोदराचे होते. पोटात पाणी का झाले, यकृत आकसले म्हणून, क्षयामुळे की कर्करोगामुळे, हाच त्यांचा प्रश्न होता. म्हणजे दुर्बीण पोटात शिरली ती निदानासाठी. तिने पित्ताशय काढण्याचे काम अंगावर घेतले ते आणखी पाऊण शतकाने.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी खरा संबंध आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली. त्या काळी सार्वजनिक रुग्णालयात सीटी स्कॅन नव्हता, सोनोग्राफीही नव्हती. पोटात काय आहे ते कळत नाही म्हणून पोट उघडायचे आणि काही करण्यासारखे नाही म्हणून ते शिवून बंद करायचे, हा तेव्हाचा परिपाठ. दुर्बिणीने रुग्णाची ही फुकटची चिरफाड वाचवता येते, हा त्यांचा आग्रह. भारतातली दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया त्यांनीच १९९० मध्ये तिथे केली आणि लोकांच्या लक्षात राहिली तीच. पण आधीची अठरा वर्षे दुर्बीण तिथे प्रामुख्याने आत डोकावण्याचेच काम करत होती. आज चित्र उलटले आहे. तालुक्याच्या गावीही दुर्बिणीने पित्ताशय निघते, आणि निदानासाठी दुर्बीण घालणे मात्र ‘नुसते बघण्यासाठी ऑपरेशन?’ या प्रश्नापाशी अडते.

प्रत्यक्ष कृती फार अवघड नाही, मात्र तिचा क्रम पाळावा लागतो. रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते. बेंबीपाशी सुईने किंवा लहान छेद घेऊन कार्बन डायऑक्साइड भरला जातो. आतला दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. कॅमेरा आत गेल्यावर पहिले काम पाहण्याचेही नसते, ते पाणी घेण्याचे असते. जलोदर असेल तर ते पाणी, नसेल तर १०० ते २०० मिलिलिटर सलाईन आत सोडून, हलके फिरवून, परत ओढून घेतले जाते. ओढायचे कुठून, तर जिथे द्रव आपोआप जमतो तिथून: ओटीपोटाचा तळ, यकृताखालची जागा, डाव्या श्वासपटलाखालचा कोपरा. हे सगळे गाठीला हात लावण्यापूर्वी झाले पाहिजे. एकदा गाठ हलवली, चिमट्यात धरली, रक्त सांडले, की नंतर मिळालेल्या पेशी आधीपासून मोकळ्या फिरत होत्या की शस्त्रक्रियेने सुटल्या, हे कोणी सांगू शकत नाही. हे धुवण घेऊन झाल्यावर मग श्वासपटल, यकृताचा पृष्ठभाग, आतड्यांवर पदरासारखे पसरलेले चरबीचे ओमेंटम, आतड्यांची मुळे आणि ओटीपोट क्रमाने पाहिले जातात. संशयास्पद दाणा दिसला तर चिमट्याने तुकडा घेतला जातो आणि तो फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी काचपट्टीवर टेकवून त्याचा ठसा घेता येतो. खोलवरच्या लसिकाग्रंथीत किंवा स्वादुपिंडात कॅमेऱ्याच्या नजरेखाली लांब बारीक सुई घालता येते.

बाटलीतले पाणी प्रयोगशाळेत पोहोचल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि तळाशी बसलेल्या गाळाच्या पातळ काचपट्ट्या करतात. एक पट्टी ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवून पॅप पद्धतीने रंगवली जाते, दुसरी वाळवून गिम्सा पद्धतीने. उरलेला गाळ साकळवून, मेणात बसवून त्याचा ‘सेल ब्लॉक’ करतात. त्याच्या चकत्यांवर प्रतिपिंडांच्या चाचण्या करता येतात. इथे एक क्षुल्लक चूक सर्रास होते. शस्त्रक्रियागृहातली परिचारिका सवयीने सगळेच नमुने फॉर्मॅलिनमध्ये टाकते. तुकड्यासाठी ते योग्य, पण धुवणात फॉर्मॅलिन पडले की पेशींचा रंग आणि केंद्रकाचा पोत बिघडतो. धुवण ताजेच पाठवायचे आणि लगेच पाठवता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवायचे, एवढा नियम भिंतीवर लिहून लावला तरी कित्येक अहवाल सुधारतील.

काचपट्टीवर काय दिसते ते जवळून पाहिल्याशिवाय या तपासणीची ताकद आणि मर्यादा कळत नाहीत. उदरावरणाच्या स्वतःच्या पेशी, मेसोथेलियल पेशी, पाण्यात नेहमीच असतात. जळजळ, यकृताचा आजार, आधीची शस्त्रक्रिया, कशानेही त्या चेकाळतात: केंद्रक मोठे होते, एका पेशीत दोन-तीन केंद्रके दिसू लागतात, पेशी पुंजक्यांनी गोळा होतात. अननुभवी नजरेला तो कर्करोगच वाटतो. अनुभवी डोळा मात्र शेजारशेजारच्या दोन पेशींमध्ये राहिलेली बारीक फट शोधतो. मेसोथेलियल पेशी एकमेकींना पूर्ण चिकटत नाहीत. ग्रंथिल कर्करोगाचे पुंजके उलट घट्ट, कडेला गुळगुळीत, त्रिमितीत उचललेले दिसतात. जठराच्या कर्करोगाचा एक प्रकार याहून फसवा आहे. त्याच्या सुट्या पेशींत श्लेष्म भरून केंद्रक एका कडेला ढकलले जाते, आणि अशी पेशी पाण्यातल्या साध्या भक्षक पेशीसारखीच दिसते. दोन्ही शेजारीशेजारी असल्या तर नुसत्या रंगावर निकाल देणे धाडसाचे असते. अशा वेळी सेल ब्लॉकवर कॅलरेटिनिन, बेर-ईपी४, क्लॉडिन-४ अशा प्रतिपिंडांनी पेशींची कुळी ठरवली जाते: पहिले मेसोथेलियल पेशींत उमटते, पुढची दोन ग्रंथिल कर्करोगात. पॅक्स-८ उमटले तर बीजांडकोशाकडे बोट जाते, सीडीएक्स-२ उमटले तर आतड्याकडे.

तरीही एक गोष्ट पेशी सांगू शकत नाही, ती म्हणजे रचना. सुट्या पेशीला शेजार नसतो. ती ऊतीत किती खोल घुसली होती, ग्रंथींची मांडणी कशी होती, हे तुकड्यातच दिसते. लिम्फोमाचे पहिले निदान म्हणून नुसत्या पेशीतपासणीवर विसंबता येत नाही ते यामुळे. उदरावरणाच्या स्वतःच्या कर्करोगातही, मेसोथेलिओमातही, पाण्यातल्या पेशींवर निकाल लावणे निष्णातांनाही जड जाते. म्हणून पेशी की तुकडा हा वाद मुळात चुकीचा मांडला जातो. दिसणारा दाणा असेल तर तुकडा घ्यावाच. पेशीचे स्वतःचे राज्य सुरू होते ते डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे.

जठराचा कर्करोग हे त्याचे सर्वांत भक्कम उदाहरण. एन्डोस्कोपीत निदान झालेले असते, स्कॅनमध्ये रोग जठरापुरता दिसतो, दुर्बिणीतही उदरावरण स्वच्छ दिसते, आणि तरी धुवणात कर्करोगाच्या पेशी सापडतात. अशा रुग्णांचे पुढे काय होते? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जठर पूर्णपणे काढलेल्या ३७१ रुग्णांपैकी २४ जणांच्या धुवणात पेशी होत्या. त्यांचे मध्यक आयुष्य सुमारे १५ महिने भरले. पेशी नसलेल्यांचे आठ वर्षांच्या घरात गेले. शल्यविशारदाने दोन्ही गटांत गाठ सारखीच ‘संपूर्ण’ काढली होती. जपानी वर्गीकरणात धुवणातल्या पेशींना ‘सीवाय-१’ असे स्वतंत्र चिन्ह आहे, आणि २०१० पासून लागू झालेल्या अमेरिकी टीएनएम वर्गीकरणाच्या सातव्या आवृत्तीत ही स्थिती सरळ ‘एम-१’ मध्ये, म्हणजे दूर पसरलेल्या रोगात, धरली गेली. काही मिलिलिटर पाण्यातल्या मूठभर पेशींनी रुग्णाची अवस्था दुसऱ्या-तिसऱ्यावरून थेट चौथीवर जाते, असे उदाहरण कर्करोगशास्त्रात विरळा.

अवस्था बदलली की उपचारही बदलतात. असाध्य ठरलेल्या जठराच्या कर्करोगात आधी जठर काढून मग केमोथेरपी दिल्याने केवळ केमोथेरपीपेक्षा आयुष्य वाढत नाही, हे जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर यांनी मिळून केलेल्या ‘रेगाटा’ चाचणीने २०१६ मध्ये दाखवून दिले. म्हणजे धुवणात पेशी सापडलेल्या रुग्णाला थेट ऑपरेशनच्या टेबलावर घेणे समर्थनीय राहत नाही. आधी केमोथेरपी, मग पुन्हा दुर्बीण, पुन्हा धुवण, आणि पेशी नाहीशा झाल्या असतील तर मग शस्त्रक्रियेचा विचार, असा मार्ग अनेक केंद्रे घेतात. जपानमध्ये मात्र केवळ धुवणातच पेशी असतील आणि बाकी कुठेही प्रसार नसेल, तर जठर काढून पुढे केमोथेरपी देण्यालाही मार्गदर्शक तत्त्वांत जागा आहे. हा मतभेद पेशीच्या ओळखीबद्दल नाही, तिच्या अर्थाबद्दल आहे.

पेशी पाण्यात फिरत असतील तर पाणी ओतून त्या धुऊनच का काढू नयेत, हा साहजिक विचार. जठर काढल्यावर पोटात तब्बल १० लिटर सलाईन ओतून धुण्याचा प्रयोग ‘एक्स्पेल’ नावाच्या मोठ्या आशियाई चाचणीत झाला आणि त्याचा फायदा दिसला नाही. मोकळ्या पेशी हा रोगाचा साठा नव्हे, ती रोगाने दिलेली वर्दी आहे. वर्दी पुसून टाकल्याने रोग माघार घेत नाही.

हीच पेशी दुसऱ्या अवयवात वेगळे बोलते. बीजांडकोशाचा कर्करोग कोशापुरताच असेल पण धुवणात पेशी असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, ‘फिगो’च्या, २०१४ च्या वर्गीकरणात तो पहिल्याच अवस्थेत राहतो, फक्त ‘१-सी-३’ या पोटगटात जातो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात १९८८ पासून धुवणातल्या पेशींमुळे रुग्ण तिसऱ्या अवस्थेत जात असे. २००९ मध्ये ‘फिगो’ने तो निकषच काढून टाकला, पेशींची नोंद वेगळी ठेवावी, पण तिच्यावरून अवस्था बदलू नये, असे ठरले. कारण या पेशी बीजनलिकांतून आपसूक पोकळीत उतरू शकतात, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गर्भाशय हलवण्यासाठी आत घातलेल्या उपकरणाच्या दाबानेही ढकलल्या जाऊ शकतात, आणि केवळ त्यांच्या असण्याने रोगाचे भवितव्य ठरते असे दिसले नाही. जठरात जी पेशी मोठे ऑपरेशन थांबवते, ती गर्भाशयात फक्त अहवालातली एक ओळ होते. ‘धुवणात कॅन्सरच्या पेशी आढळल्या’ एवढेच वाक्य नातेवाइकांच्या हाती देणारा डॉक्टर म्हणूनच अर्धेच सांगतो.

सुई लावली की कॅन्सर भडकतो, ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी आहे. तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकण्याची वैद्यकातली सवयही तितकीच घट्ट आहे. वस्तुस्थिती अवयवागणिक बदलते. पोटातल्या बहुतेक गाठींत बारीक सुईच्या वाटेवर रोग पेरला जाण्याचे प्रमाण अत्यल्प आहे, आणि त्या भीतीपायी निदान लांबवणे रुग्णाला महागात पडते. पण यकृताच्या प्राथमिक कर्करोगात सुईच्या वाटेवर रोग उगवण्याचे प्रमाण २००८ च्या एका एकत्रित विश्लेषणात सुमारे २.७ टक्के निघाले. यकृत आकसलेल्या रुग्णात तीन टप्प्यांच्या सीटी किंवा एमआरआयमध्ये ठरावीक चित्र दिसले तर सुई न लावताच निदान पक्के धरतात, याचे हेही एक कारण. यकृताच्या दाराशी होणाऱ्या पित्तनलिकेच्या कर्करोगात तर उदरपोकळीतून सुई घातलेल्या रुग्णाला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या यकृतरोपण योजनेतून वगळले जाते. घाईने घेतलेला एक नमुना रुग्णाचा बरे होण्याचा एकमेव मार्ग बंद करू शकतो.

बीजांडकोशाच्या गाठीत हा धोका सर्वांत जवळचा, आणि तो लहान गावांतल्या शस्त्रक्रियागृहांतही उभा राहतो. साधी वाटलेली गाठ दुर्बिणीखाली टोचून, आतला द्रव ओढून, थोडा तपासणीला पाठवून मोकळे व्हायचे, अशी सोपी वाट घ्यावीशी वाटते. त्या द्रवाची पेशीतपासणी विश्वासार्ह नसते. कर्करोग असूनही ती बरेचदा निर्दोष येते. आणि कोशात बंद असलेला, केवळ शस्त्रक्रियेने बरा होऊ शकला असता असा रोग टोचण्याने सांडतो, अवस्था ‘१-ए’ची ‘१-सी-१’ होते, आणि काही रुग्णांना त्यामुळेच केमोथेरपीला तोंड द्यावे लागते. माहिती तोकडी आणि नुकसान पक्के, असा हा सौदा. संशय असलेली गाठ अखंड, पिशवीत घालूनच बाहेर काढावी. तिथे सुईला स्थान नाही. पित्ताशयाच्या गाठीचेही जवळपास तसेच. गंगेच्या खोऱ्यात या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे आणि खड्यांसाठी म्हणून काढलेल्या पित्ताशयात तो अवचित सापडतो. सांडलेल्या पित्तातून छेदांच्या जागी रोग उगवल्याची उदाहरणे आहेत. अधिवृक्क ग्रंथीची गाठ असेल तर ती फिओक्रोमोसायटोमा प्रकारची नाही याची चाचणीने खात्री होईपर्यंत सुई लावणे प्राणघातक ठरू शकते, आणि हायडॅटिड या परोपजीवी कृमीच्या पुटीला टोचले तर तीव्र अॅलर्जीचा झटका येऊ शकतो.

दुर्बिणीच्या छेदांत कर्करोग उगवतो, या आरोपाचीही चौकशी झालेली आहे. असा प्रकार १९७८ मध्ये हंगेरीतल्या डॉक्टरांनी नोंदवला होता, जलोदर असलेल्या बीजांडकोशाच्या रुग्णात. १९९४ मध्ये नेदरलँड्समधून दुर्बिणीने मोठ्या आतड्याचा कर्करोग काढलेल्या १४ पैकी तिघांत तो दिसल्याचे प्रसिद्ध झाले आणि जगभर धसका बसला. पुढे अमेरिकेतली ८७२ रुग्णांची चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत जखमेत रोग परतण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या आणि पोट उघडून केलेल्या, दोन्ही शस्त्रक्रियांत एक टक्क्यापेक्षा कमी होते. मधल्या दहा वर्षांत हात सुधारला होता. गाठ चिरडू नये, पिशवीशिवाय ओढू नये, नळ्या घट्ट बसवाव्यात, एवढी ही सुधारणा. आजही उदरावरणावर पसरलेल्या रोगात पुढे मोठी शस्त्रक्रिया संभवत असेल तर जाणते शल्यविशारद छेद पोटाच्या मध्यरेषेवरच घेतात, म्हणजे नंतर ते जखमेसह कापून काढता येतात.

भारतात या तपासणीला एक असे काम आहे जे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत तळटीपेपुरते उरते. पोटात पाणी, ओमेंटम जाड, रक्तातले सीए-१२५ हे सूचक वाढलेले, वजन उतरलेले: ही चार लक्षणे एकत्र आली की बीजांडकोशाचा पसरलेला कर्करोग असे लेबल लागते. पोटाच्या क्षयरोगातही नेमके हेच चारही आढळते. दुर्बिणीत उदरावरणावर पांढुरके दाणे दिसतात, आणि ते दाणे क्षयाचे की कर्करोगाचे हे डोळ्याने ठामपणे सांगता येत नाही. क्षयाच्या पाण्यात लिम्फोसाइट पेशींची गर्दी असते, मेसोथेलियल पेशी तुरळक. एडीए या विकराची पातळी चढलेली असते. पण जंतू क्वचितच दिसतात आणि जंतूंचा जनुकीय माग काढणारी सीबीनॅट चाचणीही या पाण्यात अनेकदा नकारात्मक येते. इथे धुवणापेक्षा दाण्याचा तुकडा आणि त्याचा ठसा जास्त कामाचा. ठशात क्षयाच्या पुंजक्यांची खूण दिसली तर रुग्ण भुलेखाली असतानाच निरोप पोहोचतो आणि गर्भाशय-बीजांडकोश काढण्याचा बेत तिथेच थांबतो. मूल व्हायचे असलेल्या तरुण स्त्रीच्या बाबतीत या काही मिनिटांच्या तपासणीची किंमत वेगळी सांगायला नको. उलटही घडते: पुरावा न मिळवता ‘टीबीच असेल’ म्हणून सहा महिने औषधे दिली जातात आणि दरम्यान कर्करोग पोटभर होतो. पोटात पाणी झालेल्या रुग्णावर अंदाजाने क्षयाचे उपचार सुरू करण्याआधी पेशी किंवा तुकडा मिळवण्याचा प्रयत्न झालाच पाहिजे, आणि साधी सुई त्याला पुरली नाही तर दुर्बीण घालायला कचरू नये.

दुर्बिणीचे काही जुने काम इतरांनी घेतले आहे हे मान्य करायला हवे. स्वादुपिंडाच्या गाठीतून पेशी घेण्यासाठी आता एन्डोस्कोपीच्या टोकावरची सोनोग्राफी वापरतात. १९९० च्या दशकात रुळलेल्या या पद्धतीत सुई जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून थेट गाठीत जाते. ओमेंटम जाड असेल तर बाहेरूनच सोनोग्राफीच्या आधाराने जाड सुईने तुकडा मिळतो, भूलही लागत नाही. अशा रुग्णाला फक्त निदानासाठी दुर्बीण सुचवणे हा अतिरेक आहे. स्वादुपिंडात दुर्बिणीचे उरलेले काम म्हणजे, रक्तातले सीए १९-९ हे सूचक फार वाढलेले असताना किंवा गाठ शेपटाकडची, मोठी असताना, लपलेला प्रसार आणि धुवणातल्या पेशी शोधणे. बीजांडकोशाच्या पसरलेल्या रोगात ती रोग पूर्ण काढता येईल का याचा अंदाज देते. नेदरलँड्समधल्या २०१ रुग्णांच्या चाचणीत (२०१७) आधी दुर्बीण घातलेल्या गटात व्यर्थ ठरलेल्या मोठ्या शस्त्रक्रिया १० टक्के होत्या, थेट पोट उघडलेल्या गटात ३९ टक्के. ही टक्केवारी पुढे ठेवली की ‘नुसते बघण्यासाठी ऑपरेशन?’ या प्रश्नाचे उत्तर वेगळे द्यावे लागत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो नकारात्मक अहवालाने. पेशी सापडल्या तर, वाचणारा जाणता असेल आणि नमुना स्वच्छ असेल तर, त्यावर विसंबता येते. न सापडल्या तर त्याचा अर्थ ‘या पाण्यात, या वेळी, या पट्ट्यांवर सापडल्या नाहीत’ एवढाच. रोग आवरणाखाली दडलेला असू शकतो, पेशी घट्ट चिकटलेल्या असू शकतात, नमुना थोडा असू शकतो. धुवण निर्दोष असलेल्या कित्येक रुग्णांत जठराचा कर्करोग पुढे उदरावरणावरच परततो. पेशींतला सीईए जनुकाचा आरएनए शोधणाऱ्या चाचण्यांनी जास्त रुग्ण पकडले जातात, पण त्यांत निरोगी पेशींमुळे चुकीचा होकारही येतो, म्हणून त्या अजून सर्वत्र रुळलेल्या नाहीत. द्रवांच्या पेशीतपासणीसाठी २०२० मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय अहवालपद्धतीने पाच कप्पे केले: नमुना अपुरा, निर्दोष, अनिश्चित, संशयास्पद आणि कर्करोग. यातला पहिला कप्पा सर्वांत प्रामाणिक आहे. ‘नमुना अपुरा’ लिहिण्याऐवजी ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ लिहिणे सोपे असते, आणि वाचणारा दुसऱ्या वाक्यातून दिलासा घेतो.

अखेरीस सगळे येऊन थांबते ते तपासणीच्या मागणीपत्रावर. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या शहरांत सीटी स्कॅनची यंत्रे आली, दुर्बिणी आल्या; काचपट्टी वाचणारा अनुभवी डोळा मात्र मोठ्या शहरांतच गोळा झालेला आहे. पट्ट्यांची डिजिटल छायाचित्रे दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय हा त्यावरचा एक मार्ग, पण पट्टीच नीट बनली नसेल तर छायाचित्राने काही साधत नाही. मागणीपत्रावर ‘अॅसायटिक फ्लुइड, सायटॉलॉजी’ एवढेच लिहून आलेली बाटली वाचणाऱ्याला कामापुरतीही माहिती देत नाही. रुग्णाला आधी कोणता कर्करोग होता, केमोथेरपी झाली आहे का, धुवण गाठीला हात लावण्याआधीचे की नंतरचे, दुर्बिणीत काय दिसले, आणि होकारार्थी उत्तर आले तर शल्यविशारद काय करणार आहे, या पाच गोष्टी त्यावर हव्यात. केमोथेरपीने आणि रेडिएशनने साध्या पेशीही विचित्र दिसतात. ते माहीत नसेल तर चूक अटळ. पाचवी गोष्ट सर्वांत क्वचित लिहिली जाते. ती लिहिता येत नसेल, तर बाटली भरण्याआधीच शस्त्रक्रियागृहातून प्रयोगशाळेत एक फोन करावा.